मुंबईला जायचे तर दर्याच्या वाटेने

शाळेची सहल मुंबईला न्यायची ठरली की कार्यक्रमाचा कागद जवळजवळ तयारच असतो. पहाटे चारला निघायचे, एक्स्प्रेस वेने उतरायचे, गेटवे, ताजमहाल हॉटेल बाहेरून, म्युझियम, राणीची बाग, जमले तर हाजी अली, चौपाटीवर भेळ आणि रात्री बाराला घरी. मुले खूश असतात. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘मुंबईत काय पाहिले?’ असे विचारले की पहिले उत्तर येते, उंच इमारती. समुद्र नाही का पाहिला? हो, तोही पाहिला. ज्या पाण्याच्या जोरावर हे शहर उभे राहिले, ते पाणी मुलांच्या यादीत शेवटी येते. कारण आपण त्यांना शहराच्या मागच्या दाराने आत नेतो. मुंबईचे पुढचे दार बंदराकडे आहे.

मी उरवड्यात राहते, मुळशी तालुक्यात. शिकवते पुण्यात, उर्दू माध्यमाच्या शाळेत, आठवी-नववीला इतिहास. माझी मुले पुस्तक उर्दूत वाचतात आणि भांडतात मराठीत. लढाईचा धडा आला की मागच्या बाकावरून हमखास एक प्रश्न येतो, ‘टीचर, इस में अपने लोग किधर थे?’ प्रश्न भाबडा आहे, पण तो मुलांनी स्वतः तयार केलेला नाही. बाहेर कुणीतरी त्यांना आधी तो विचारलेला असतो. वर्गात बसून त्याचे उत्तर देता येते, परंतु ते उपदेशासारखे वाटते. मुंबईचे बंदर आणि भोवतीची बेटे दाखवली तर उत्तर देण्याची गरजच कमी पडेल, असे मला वाटते. म्हणून सहलीचा जो बेत मी आखते आहे तो इतिहासाच्या क्रमाने नाही, पाण्याच्या वाटेने आहे. वाचकांपैकी कुणाला आपल्या शाळेची अथवा घरच्यांची सहल न्यायची असेल, तर त्यांनाही तो उपयोगी पडावा.

पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट, पौड आणि पुढे मुळशीच्या धरणाकाठून ताम्हिणी घाट. ही वाट लांबची आहे. तरी घाट उतरण्यापूर्वी धरणाजवळ दहा मिनिटे बस थांबवायची. मुंबईचा इतिहास इथून सुरू करता येतो. टाटा कंपनीने या खोऱ्यात धरण बांधायला घेतले तेव्हा जमिनी आणि गावे पाण्याखाली जाणार म्हणून शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. १९२१ ते १९२४ पर्यंत तो चालला, सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. धरण झालेच. अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली भिऱ्याला सोडले आणि १९२७ पासून तिथली वीज मुंबईला जाऊ लागली. बंदर म्हणजे नुसता धक्का नसतो. त्याच्या पाठीमागे मुलूख असावा लागतो. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला, कापसाच्या गासड्या घाटावरून उतरल्या, गिरण्या उभ्या राहिल्या आणि पुढे त्या चालवायला आमच्या मुळशीचे पाणी लागले. माणसेही गेली. मुंबईचे डबेवाले बहुतेक मुळशी, मावळ, आंबेगाव, जुन्नर या भागांतलेच. मुळशीच्या पोराने मुंबईत पाहुण्यासारखे संकोचून फिरण्याचे कारण नाही, एवढे तरी त्याला धरणावर कळावे.

आता पालकांविषयी. पाणी म्हटले की पालक, विशेषतः आया, नकार देतात आणि त्यांना दोष देता येत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला गेलेले कॉलेजचे चौदा विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. त्यात मुलीही होत्या. पुण्यातल्या कितीतरी मोहल्ल्यांत ती रात्र अजून लोकांना आठवते. त्यानंतर १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. हे पालकांपासून लपवून सहल न्यायची नाही. किनाऱ्यावर कुणी पाण्यात उतरणार नाही, लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय बोट सुटू द्यायची नाही आणि बोटीत माणसे जास्त दिसली तर पैसे बुडाले तरी चालतील पण खाली उतरायचे, या तीन गोष्टी संमतिपत्रावरच लिहायच्या. हिवाळ्यात जायचे. आणि मुलींना वगळून सहल न्यायची नाही, हेही त्याच कागदावर.

घाट उतरून कोलाड, अलिबाग, आणि तिथून जवळ थळचा किनारा. समोर समुद्रात दोन बेटे दिसतात. एक खांदेरी, दुसरे किनाऱ्याला अधिक जवळचे उंदेरी. सहलीत बोटीने तिकडे जाण्याची गरज नाही, वाळूवर उभे राहूनच धडा घेता येतो. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी खांदेरीवर माणसे उतरवली आणि किल्ल्याचे काम सुरू केले. मुंबई बंदराच्या तोंडावरच हे बेट असल्याने इंग्रजांचा जीव खालीवर झाला. बेट आमचे आहे असे म्हणत त्यांनी गलबते पाठवली. बेटावर मायनाक भंडारी ठाण मांडून बसले होते आणि त्यांना रसद पोचवणाऱ्या, इंग्रजांशी समुद्रावर झुंजणाऱ्या मराठी आरमाराचा प्रमुख होता दौलतखान. ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांची गलबते पांगली. मग त्यांच्या मदतीला जंजिऱ्याचा सिद्दी कासम आला. त्याच्याकडे मोगलांच्या आरमाराचे काम होते. आपल्या मदतीचे इंग्रजांनी काय करायचे ते करोत, सिद्दीने जानेवारी १६८० मध्ये शेजारचे उंदेरी ताब्यात घेऊन त्यावर तोफा चढवल्या. दौलतखानाने उंदेरीवर चाल केली, त्यात तो जखमी झाला. इंग्रजांना अखेर महाराजांशी तह करून खांदेरीचा नाद सोडावा लागला.

‘अपने लोग किधर थे?’ खांदेरीवर की उंदेरीवर? मुलांनी दोन्ही बेटांकडे पाहावे आणि स्वतःच ठरवावे. दौलतखान कलमा पढत होता आणि सिद्दी कासमही. एकाची निष्ठा रायगडाशी होती, दुसऱ्याची जंजिऱ्याशी आणि दिल्लीशी. इंग्रज ज्याच्याशी त्या क्षणी जमेल त्याच्याशी होते. इतिहासाची पुस्तके दौलतखानाला एका ओळीत उरकतात. आपल्या सभांमध्ये मात्र त्याचे नाव फार मोठ्याने घेतले जाते, जणू ते दाखवायचे प्रमाणपत्र आहे. मला दोन्ही पटत नाही. तो दर्यावरचा कसबी माणूस होता आणि आपल्या धन्याचे काम चोख करत होता; त्याच्याकडून आज आपल्या वतीने साक्ष देववून घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यात खांदेरी आहे. उंदेरी मात्र नाही.

थळहून मांडवा जवळच. मार्च २०२० पासून मांडवा आणि भाऊचा धक्का यांच्यामध्ये मोटारी वाहून नेणारे मोठे जहाज चालते. लहान लाँचपेक्षा मुलांना हेच बरे. आपली बस त्यात चढेल की रिकामी वळसा घालून मुंबईत बोलवावी लागेल, ते आधी विचारून ठेवायचे.

जहाज सुटले की उजव्या हाताला रेवसची बाजू येते. तिकडेच काशाचा खडक आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट या खडकाजवळ वादळात उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. दुसऱ्या दिवशी आषाढाची अमावास्या आणि त्यापाठोपाठ रमजानचा चाँद. चाकरमानी, कोळी, व्यापारी, सर्व जातिधर्मांचे लोक घरी निघालेले. कोकणातल्या जुन्या पिढीने काळ मोजायला ‘रामदास बुडाली त्या साली’ असे म्हणणे अनेक वर्षे चालू ठेवले होते. मुलांना इथे फार बोलू नये. खडकाची दिशा दाखवावी, एवढे पुरे.

मग हळूहळू बंदर उघडते. उजवीकडे घारापुरीचा डोंगर, त्याच्या अलीकडे तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप, नांगरलेली मालवाहू जहाजे आणि डाव्या बाजूला शहराची रांग. आता मुलांना सांगायचे की डावीकडे जे सलग दिसते तेही एके काळी बेटेच होती : कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. गुजरातच्या सुलतान बहादुरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसईच्या तहाने ती पोर्तुगीजांना दिली. १६६१ मध्ये पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात ती इंग्लंडच्या राजाकडे गेली आणि १६६८ मध्ये त्याने वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मुलांना दहा पौंडांची गंमत वाटते. वाटू द्यावी.

भाऊचा धक्का माझगावच्या बाजूला. इथे उतरताना आपला सिद्दी कासम पुन्हा भेटतो, आता याकूतखान या किताबाने. १६८९ मध्ये सर जॉन चाइल्ड या कंपनीच्या उद्धट अधिकाऱ्याने मोगलांची जहाजे पकडण्याचा खेळ केला, तेव्हा औरंगजेबाच्या हुकमाने याकूतखान शिवडीला उतरला. त्याने माझगाव आणि माहीम घेतले आणि इंग्रजांना त्यांच्या कोटात कोंडून ठेवले. कंपनीला बादशहाची माफी मागून दीड लाख रुपये दंड भरावा लागला. जून १६९० मध्ये सिद्दी परत गेला. ज्या इंग्रजांच्या मदतीला तो दहा वर्षांपूर्वी खांदेरीला आला होता, तेच हे इंग्रज.

पहिल्या दिवसाची संध्याकाळ जामा मशिदीसाठी ठेवायची. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या गर्दीत ती सहज नजरेत येत नाही. तळमजल्याच्या मध्यभागी गोड्या पाण्याचा जुना तलाव आहे, त्यात मासे आहेत आणि त्या पाण्यातून उठलेल्या कमानींवर मशीद तोललेली आहे. जमीन एका हिंदू मालकाची होती आणि तलाव तसाच राखावा, या अटीवर ती मिळाली, असे गॅझेटियर सांगते. १८०२ मध्ये मशीद पुरी झाली. बांधकामात पुढाकार कोकणी मुसलमानांचा. १८३७ मध्ये नाखुदा मुहंमद अली रोगे यांनी वरचा मजला चढवला. नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी. हे रोगे सर जमशेटजी जीजीभाईंचे भागीदार, दोघांची जहाजे चीनला जात. त्यांत कापूस जाई आणि अफूही जाई. हेही मुलांना सांगायचे. आपल्या माणसांचा इतिहास सांगायचा तर जमा आणि खर्च दोन्ही रकाने उघडे ठेवावे लागतात, नाहीतर तो हिशेब कुणी खरा मानणार नाही. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजींच्या बरोबरीने अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांत याच घराण्यातले मुहंमद अली रोगे होते. आमच्यासारख्या उर्दू शाळांच्या मागे जी परंपरा आहे तिची एक मुळी या धक्क्यावरच्या पैशात आहे.

मशिदीपासून थोड्या अंतरावर साबू सिद्दीक मुसाफिरखाना. इथे मात्र जरा जास्त वेळ द्यावा. मोगलांच्या काळात हजला जाण्याचे बंदर सुरत होते, त्याला ‘बाब-उल-मक्का’ म्हणत. १६९५ मध्ये हजहून परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज इंग्रज चाचा हेन्री एव्हरीने लुटले, तेही सुरतेच्याच वाटेवर. आगबोटी आल्या आणि हा मान मुंबईकडे आला. दख्खन, बंगाल, पंजाबच काय, अफगाणिस्तान आणि बुखाऱ्याकडचे हाजीही मुंबईत येऊन थांबत. बोटीची तारीख नक्की नसे. दलाल गाठ पडत आणि खेड्यातून शेत विकून आलेला माणूस धक्क्याला पोचण्याआधीच रिकामा होई. तक्रारी इतक्या झाल्या की १८८६ मध्ये सरकारने हाजींच्या प्रवासाची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवून पाहिली. काही वर्षांतच ती व्यवस्था मोडली. १८९७ मध्ये प्लेगमुळे मुंबईहून हजची वाहतूकच बंद करण्यात आली. तांबड्या समुद्रात कामरान नावाचे बेट आहे. तिथे हाजींना उतरवून क्वारंटाइनमध्ये ठेवत. मुंबईच्या हजची गोष्ट अशी एका बेटावरून निघून दुसऱ्या बेटावर अडकणारी होती.

१८७७ मध्ये सुरू झालेली बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढे मुगल लाइन या नावाने ओळखली गेली. ‘इस्लामी’, ‘मुहंमदी’, ‘अकबरी’ ही तिच्या बोटींची नावे आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना पाठ असत. खाली खलाशी, सारंग, तांडेल बहुतेक रत्नागिरी-रायगडकडचे, वर डेकवर सतरंजी टाकून बसलेले हाजी. यलमलम जवळ आले की भोंगा वाजे आणि लोक एहराम बांधत. गावाकडच्या अनेक घरांत अजून ती लोखंडी पेटी सापडते, झाकणावर पांढऱ्या रंगाने नाव, गाव, तालुका आणि ‘बंबई ते जिद्दा’. १९९५ मध्ये समुद्रमार्गे हज बंद झाला. विमानाने चार-पाच तासांत लोक पोचतात, हे चांगलेच आहे. डेकवरच्या उलट्या आणि आजारपण यांची कुणाला आठवण हवी? पण त्याबरोबर एक गोष्ट गेली. हाजीला निरोप द्यायला अर्धे गाव मुंबईला येत असे आणि त्या निमित्ताने मुळशी-भोरसारख्या डोंगरातल्या माणसाने एकदा तरी बंदर पाहिलेले असे. आताची पोरे विमानतळाच्या काचेपर्यंत जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवे. सोमवार टाळायचा, त्या दिवशी घारापुरीची लेणी बंद असतात. गेटवेची कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. जॉर्ज विटेट या स्कॉटिश वास्तुशिल्पज्ञाने तिच्यासाठी सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या इमारतींकडे पाहिले. बहादुरशहाने बेटे दिली ती त्याच शतकात. बादशहाच्या स्वागताची कमान सुलतानांच्या जाळ्या-कमानींवरून बेतली गेली आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची इंग्रज पलटण तिच्याखालून बाहेर पडली.

घारापुरीला बोटीने साधारण तास लागतो. ‘टीचर, तिथे मूर्तीच आहेत, आपल्या मुलांना काय दाखवणार?’ असे एका पालकाने विचारलेच. दाखवायचे हे, की सुमारे चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वी लोकांनी नुसत्या छिन्नीने अखंड डोंगर पोखरून असे काम केले आणि पुढे पोर्तुगीजांनी त्याची नासधूस केली. ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा नाव पडले तो आता भायखळ्याला, राणीच्या बागेतल्या म्युझियमच्या आवारात आहे. कलाकृती पाहिल्याने कुणाचा ईमान ढळत नाही. आणि राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या बेटावरच्या तीन वस्त्या पाहाव्यात. समोर रात्रभर झगमगणारी मुंबई, जिला १९२७ पासून मुळशीची वीज जात होती. या बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. मुळशीच्या मुलांना यातले काय ते समजावून सांगावे लागणार नाही.

परत आल्यावर जे. जे. जवळच्या लांब उड्डाणपुलावरून बस न्यावी. त्याला कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे. मग माहीमला त्यांचा दर्गा. आईने पाणी मागितले, तिला झोप लागली म्हणून पेला घेऊन रात्रभर उभा राहिलेला मुलगा, ही गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. करामत सगळ्यांना माहीत, किताब कुणाला माहीत नाही. अरब दर्यावर्दी वंशातला हा आलिम १३७२ मध्ये जन्मला आणि १४३१ मध्ये वारला. या एवढ्याशा बेटावर बसून त्याने कुराणाचे अरबी भाष्य लिहिले, इब्न अरबीच्या विचारांवर लिहिले. एकोणिसाव्या शतकात ते भाष्य कैरोला छापले गेले. बेट म्हणजे कोपरा नव्हे. जहाजे येत-जात असतील तर बेट हे जगाच्या मध्यावर असते. उरुसात पहिली चादर मुंबई पोलिसांची असते, हे मुलांना फार आवडते.

हाजी अली कधी करायचे ते भरती ठरवील. दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा आधी काढून ठेवायच्या. तिथे मजारीपर्यंत जायला काही वर्षे स्त्रियांना बंदी होती. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर बायका आत गेल्या. आमच्या मुली आत जाऊन फातिहा पढतील. ओहोटी दुपारी असेल तर हाजी अली आधी आणि माहीम नंतर.

परतीला शिवडीहून अटल सेतू धरावा. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला हा पूल जवळपास बावीस किलोमीटरचा आहे. याकूतखान जिथे उतरला त्या शिवडीहून तो निघतो आणि न्हावा-शेव्याच्या बाजूला उतरतो. आता बहुतेक कंटेनर तिकडेच जातात. मुलांना उजव्या खिडक्यांना बसवायचे, घारापुरी त्याच बाजूला दिसते. पनवेलच्या पुढे जेवण, मग घाट. पिरंगुट, पौड, उरवड्याच्या मुलांना चांदणी चौकात घ्यायला कोण येणार, त्यांची नावे आणि फोन नंबर निघण्याच्या आदल्या दिवशीच लिहून घ्यायचे.